ईमेल-सर्व्हरची राखीव प्रत : निवड कशी करावी?

कार्यालयीन कामकाजात टपालाला फार जुने आणि मानाचे स्थान आहे. आलेले प्रत्येक पत्र आवक नोंदवहीत चढते, गेलेल्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक पडतो आणि पाठविलेल्या पत्राची स्थळप्रत नस्तीला लागते. या साध्या शिस्तीमुळे एक मोठी सोय आपोआप होत आली. प्रत्येक पत्र दोन ठिकाणी राहते. एक पाठविणाऱ्याकडे व एक घेणाऱ्याकडे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागून वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांची कागदपत्रे जळाली, तेव्हा या सोयीचे मोल साऱ्यांनाच कळून आले. एका कार्यालयातील नस्ती नष्ट झाली तरी दुसऱ्या कार्यालयातील प्रतींवरून ती बऱ्याच अंशी पुन्हा उभी करण्याचा मार्ग उरतो.

ईमेलच्या बाबतीतही हीच सोय असेल असे वरवर पाहता वाटते. तथापि ते तितकेसे खरे नाही. एखादे महाविद्यालय, सहकारी बँक किंवा साखर कारखाना स्वतःच्या नावाने ईमेल चालवितो, तेव्हा आलेली पत्रे, पाठविलेल्या पत्रांच्या स्थळप्रती, पत्त्यांची वही आणि आवक-जावकीची नोंद हे सारे एकाच सर्व्हरवर, बहुधा एकाच डिस्कवर असते. शेकडो माणसांचे दहा वर्षांचे टपाल वहीएवढ्या डबीत मावते आणि ती डबी बिघडली की सगळे एकदमच जाते. समोरच्या पक्षाकडे त्याची प्रत असेलही. परंतु हजारो पक्षांना 'आपल्याशी आमचा काय पत्रव्यवहार झाला होता' असे विचारत बसणे कोणत्याही कार्यालयाला शक्य नाही.

'व्हीएफईमेल' या अमेरिकेतील ईमेल सेवेवर गुदरलेला प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. ही सेवा २००१ पासून चालू होती. ११ फेब्रुवारी २०१९ रोजी एका अज्ञात घुसखोराने तिच्या यंत्रणेत शिरून एकामागून एक सर्व्हरवरील डिस्क कोऱ्या करण्यास आरंभ केला. सेवेचे चालक रिक रोमेरो यांच्या ध्यानात हा प्रकार आला, तेव्हा बॅकअपचा सर्व्हर पुसला जात होता. अमेरिकेतील सर्व्हरवरील मूळ माहिती गेली आणि तिची राखीव प्रतही गेली. घुसखोराने खंडणी मागितली नाही; केवळ नाश केला. विशेष हे, की सर्व यंत्रांचे पासवर्ड एकच नव्हते, असे रोमेरो यांनी त्या वेळी जाहीर केले होते. तरीही सारी यंत्रे नष्ट झाली. वर्षानुवर्षे तेथे पत्रे साठविणाऱ्या ग्राहकांना आपल्या टपालपेट्या रिकाम्या दिसल्या.

या सेवेने राखीव प्रत ठेवलेली नव्हती असे मुळीच नाही. प्रत होती, पण मूळ सर्व्हरपर्यंत जो हात पोहोचला, तोच त्या प्रतीपर्यंतही पोहोचला. ईमेल-सर्व्हरसाठी बॅकअपची पद्धत निवडताना हाच मुद्दा मध्यवर्ती ठरतो. प्रत किती वेळा घ्यावी, कोणत्या यंत्रावर घ्यावी, तिला खर्च किती येईल, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी ते त्यानंतरचे होत.

सर्व्हरवर जपण्यासारखे काय असते?

सर्वसाधारण समजूत अशी, की पत्रे जपली म्हणजे झाले. पत्रे अर्थातच मुख्य. परंतु नुसत्या पत्रांवरून टपाल कार्यालय पुन्हा उभे राहात नाही. खातेदारांची यादी, त्यांचे सांकेतिक रूपात साठविलेले पासवर्ड, कोणत्या नावाचे पत्र कोणाकडे वळवायचे याचे नियम, सर्व्हर चालविणाऱ्या कार्यक्रमांच्या मांडणीच्या फायली, पाठविलेल्या पत्रांवर संस्थेची सही उमटविणारी गुप्त किल्ली आणि संस्थेच्या इंटरनेट-नावाच्या नोंदी, हे सारे आकाराने अत्यल्प असते. एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल एवढे. प्रत घेताना नेमके तेच विसरले जाते आणि आपत्तीनंतर त्याच्यावाचूनच सर्वाधिक खोळंबा होतो.

पत्रे साठविण्याच्या पद्धतीवरही बॅकअपची पद्धत अवलंबून असते. जुन्या 'एमबॉक्स' पद्धतीत एका खातेदाराच्या एका कप्प्यातील सर्व पत्रे एकाच लांबलचक फायलीत एकापुढे एक लिहिली जातात. एक नवे पत्र आले तरी सारी फाइल बदलली असे साध्या बॅकअप-कार्यक्रमाला वाटते आणि तो ती पुन्हा मुळापासून उतरवून घेतो. डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'क्यूमेल' या सर्व्हर-कार्यक्रमासाठी आखलेल्या 'मेलडिर' पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते. येथे आजची प्रत घेणे म्हणजे आज आलेली तेवढीच पत्रे उतरविणे. मात्र लक्षावधी लहान फायली हाताळाव्या लागत असल्याने काम सावकाश चालते. तिसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सचेंज' मध्ये, पत्रे एका मोठ्या माहितीकोशात असतात आणि होणाऱ्या बदलांची किर्द स्वतंत्र फायलींत लिहिली जाते. असा माहितीकोश चालू असताना त्याची फाइल नुसती उचलून ठेवली, तर ती अर्धवट उतरण्याचा संभव असतो. त्यासाठी त्या कार्यक्रमाशी संगनमताने चालणारे बॅकअपचे साधनच वापरावे लागते.

चालू सर्व्हरची प्रत घेण्यातील ही अडचण शिरगणतीच्या अनुभवावरून समजण्यासारखी आहे. प्रगणक एका आळीत घरे मोजत असताना एखादे कुटुंब दुसऱ्या आळीत राहावयास गेले, तर ते दोनदा मोजले जाईल किंवा मुळीच मोजले जाणार नाही. प्रत घेतली जात असता एखादे पत्र एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेले तर हेच होते. यास्तव आधी डिस्कचे क्षणचित्र घ्यावयाचे आणि मग त्या स्थिर चित्रावरून निवांतपणे प्रत उतरवावयाची, ही रीत अधिक भरवशाची होय.

दोन प्रश्न, जे तंत्रज्ञाने सोडवावयाचे नाहीत

पद्धत निवडण्यापूर्वी संस्थेच्या प्रमुखाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयास हवीत. पहिला : किती काळाची पत्रे गेली तर चालेल? दुसरा : ईमेल किती काळ बंद राहिली तर चालेल? हे दोन्ही प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञावर सोपविले जातात आणि तो बिचारा हाताशी असलेल्या साधनांप्रमाणे त्यांची उत्तरे ठरवितो. वास्तविक हे प्रशासकीय निर्णय आहेत. निविदांची अखेरची तारीख, परीक्षेचे अर्ज, न्यायालयीन नोटिसा ज्या कार्यालयात ईमेलने येतात, तेथे एका दिवसाची पत्रे जाणे ही गंभीर बाब ठरते. अन्यत्र ती तितकीशी गंभीर नसेल.

या दोन प्रश्नांत फरक काय, हे ईमेलच्या एका वैशिष्ट्यावरून स्पष्ट होते. घेणारा सर्व्हर बंद असेल, तर पाठविणाऱ्याचा सर्व्हर पत्र फेकून देत नाही. तो ते रांगेत ठेवून पुनःपुन्हा पोहोचविण्याचा प्रयत्न करतो. ईमेलच्या वाहतुकीची जी नियमावली २००८ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली, तीत असा प्रयत्न सामान्यतः किमान चार ते पाच दिवस चालू ठेवावा असे सांगितले आहे. तेव्हा सर्व्हर एक दिवस बंद राहिला तर पत्रे उशिरा येतील, पण बहुधा येतील. याउलट सर्व्हरने एकदा 'पत्र मिळाले' अशी पोच दिली, की पाठविणारा सर्व्हर आपल्या रांगेतून ते काढून टाकतो. त्या क्षणापासून त्याची संपूर्ण जबाबदारी घेणाऱ्यावर येते. रात्री दोन वाजता बॅकअप झाला आणि दुपारी चार वाजता डिस्क निकामी झाली, तर मधल्या चौदा तासांत स्वीकारलेले टपाल पुन्हा आपोआप येणार नाही. म्हणजे ईमेलमध्ये बंद राहण्यापेक्षा हरवणे अधिक महागात पडते. खर्चाची निवड करावयाची वेळ आली, तर लवकर उभे राहण्याच्या साधनांपेक्षा वरचेवर प्रत घेण्यावर पैसा घालणे शहाणपणाचे ठरेल.

थोडा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, एका संस्थेची ३०० खाती आहेत आणि प्रत्येकात सरासरी ४ गिगाबाइट टपाल आहे. एकूण १,२०० गिगाबाइट झाले. रोज प्रत्येक खात्यात २० मेगाबाइटची भर पडते असे धरले, तर दिवसाचे नवे टपाल ६ गिगाबाइट. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या इंटरनेट जोडणीवरून हे ६ गिगाबाइट दूरच्या ठिकाणी पाठविण्यास सुमारे आठ मिनिटे पुरतात. येथवर सारे सोपे दिसते. परंतु ज्या दिवशी सर्व १,२०० गिगाबाइट त्याच जोडणीवरून परत आणावयाचे असतील, त्या दिवशी सुमारे २७ तास लागतील. तेही जोडणीवर दुसरे कोणतेही काम चालू नसेल तर. हीच प्रत कार्यालयातील डिस्कवर असेल आणि ती सेकंदाला १५० मेगाबाइट वाचून देत असेल, तर काम हिशेबाने सव्वादोन तासांचे. लहान फायली फार असल्या तर त्याच्या काही पट. या आकड्यांवरून दोन प्रती का लागतात हे दिसून येईल. जवळची प्रत लवकर उभे राहण्यासाठी, दूरची प्रत आगीपासून व पुरापासून संरक्षणासाठी.

अनुभवी तंत्रज्ञ आपत्तीच्या वेळी आणखी एक युक्ती योजतात. ते प्रथम रिकाम्या टपालपेट्यांचा सर्व्हर उभा करून नव्या पत्रांचा स्वीकार सुरू करतात, मग गेल्या महिन्याची पत्रे भरतात आणि जुने टपाल मागाहून सावकाश चढवितात. लोकांना कामापुरती ईमेल काही तासांत मिळते आणि २७ तासांची वाट कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र त्यासाठी खातेदारांची यादी आणि मांडणीच्या फायली आधीच वेगळ्या जपलेल्या असाव्या लागतात.

आरशातील प्रतिमा

'आमच्याकडे दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते', असे उत्तर अनेक ठिकाणी ऐकू येते. ही व्यवस्था चांगली आहे. एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही. परंतु तिला राखीव प्रत म्हणता येणार नाही. टंकलेखन यंत्रात कार्बनचा कागद लावला, की वरच्या कागदावरील चूकही खालच्या कागदावर जशीच्या तशी उठते. तद्वत मूळ सर्व्हरवर पत्र पुसले गेले तर ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. दोन शहरांत दोन सर्व्हर ठेवून ते सतत एकमेकांशी जुळते ठेवले तरी या गुणधर्मात फरक पडत नाही.

गूगलच्या जीमेल सेवेला याचा अनुभव २०११ मध्ये आला. तेथे प्रत्येक पत्राच्या प्रती एकाहून अधिक केंद्रांत ठेवण्याची व्यवस्था होती. २७ फेब्रुवारी २०११ रोजी, पत्रे साठविणाऱ्या कार्यक्रमाच्या नव्या आवृत्तीतील दोषामुळे काही खातेदारांच्या पेट्या अचानक रिकाम्या झाल्या. कंपनीने दिलेल्या आकड्यानुसार हे खातेदार एकूण संख्येच्या ०.०२ टक्के होते. पण जीमेलचा पसारा पाहता ही संख्याही लहान म्हणता येत नाही. दोष कार्यक्रमातच असल्याने निरनिराळ्या केंद्रांतील प्रतीही त्याच्या तडाख्यात सापडल्या. अखेर कामास आल्या त्या चुंबकीय टेप. टेप यंत्रातून काढून ठेवलेल्या होत्या. त्यामुळे चुकीच्या कार्यक्रमाची आज्ञा त्यांच्यापर्यंत पोहोचूच शकली नाही. त्यांवरून पत्रे परत मिळविण्यास अर्थातच वेळ लागला. केंद्रांतील प्रतींवरून जे काम सेकंदाच्या अंशात होते, त्याला टेपवरून तासच्या तास लागतात, असे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले होते. जगातील अतिप्रगत संगणक-कंपनीला टेपसारख्या जुन्यापुराण्या साधनाने तारावे, यात काहीसा विनोद आहे खरा; परंतु टेपचा जो दोष मानला जातो, ती यंत्राबाहेर असते व हाताने लावावी लागते, तोच येथे गुण ठरला.

हाताबाहेरची प्रत

राखीव प्रतीच्या संदर्भात तीन-दोन-एक असा एक नियम रूढ आहे. छायाचित्रकार पीटर क्रोह यांच्या नावाने तो ओळखला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्यत्र असावी, असा त्याचा आशय आहे. नियम सोपा असल्याने लक्षात राहतो. मात्र तो शब्दशः पाळूनही फसगत होऊ शकते. दुसऱ्या गावातील प्रत जर त्याच पासवर्डने उघडत असेल, तर अंतराचा उपयोग आगीपुरताच. घुसखोराला अंतर नसते.

आगीचे संकटही कमी लेखून चालत नाही. दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली आणि शासनाच्या ७०९ संगणक यंत्रणा बंद पडल्या. त्यांतील बहुतेक कालांतराने पूर्ववत करता आल्या. परंतु शासकीय कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे साठविणारी 'जी-ड्राइव्ह' ही यंत्रणा पूर्णतः नष्ट झाली. तीत ८५८ टेराबाइट माहिती होती. प्रत्येक कर्मचाऱ्याला ३० गिगाबाइट जागा दिलेली होती आणि एकूण आकार फार मोठा असल्याने तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. पुढे कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर राहिलेल्या फायली, ईमेलमधील जोडपत्रे आणि छापील कागद यांवरून जमेल तेवढे गोळा करण्याची पाळी आली. साठा मोठा म्हणून प्रत नाही, हे कारण कागदोपत्री पटण्याजोगे वाटते. प्रत्यक्षात साठा जितका मोठा तितकी हानी मोठी.

घुसखोरापासून संरक्षणाचे उदाहरण भारतातच आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला आणि रुग्णनोंदणीचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. तथापि बाधा न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल यंत्रणेची सर्व माहिती परत मिळविण्यात आल्याचे तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लोकसभेत सांगितले. एक प्रत हाताबाहेर राहिली म्हणून हे शक्य झाले.

ती हाताबाहेर ठेवावयाची कशी? कोषागारातील दुहेरी कुलपाची पद्धत येथे आठवावी. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असल्याने एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. ईमेल-सर्व्हरच्या बाबतीत याचा सरळ अर्थ असा, की ईमेल-सर्व्हरवर बॅकअप-सर्व्हरची किल्ली ठेवूच नये. बहुतेक ठिकाणी रचना उलटी असते. ईमेल-सर्व्हर रात्री उठून आपली प्रत दुसरीकडे ढकलतो आणि त्यासाठी दुसऱ्या यंत्राचा पासवर्ड त्याच्यावरच लिहून ठेवलेला असतो. ज्याने ईमेल-सर्व्हर जिंकला त्याला तो आयता मिळतो. त्याऐवजी बॅकअप-सर्व्हरनेच येऊन प्रत वाचून न्यावी आणि त्याला केवळ वाचण्याचाच अधिकार असावा. या बदलाला काहीही खर्च येत नाही. दुसरा मार्ग, ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, मालकालाही, पुसता येणार नाही अशा साठ्यात प्रत ठेवण्याचा. अनेक व्यापारी साठवण-सेवा ही सोय देतात. तिसरा मार्ग सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त. दोन सुट्या डिस्क घ्याव्यात. आठवड्यातून एकदा एक लावावी, प्रत घ्यावी, काढून दुसऱ्या इमारतीतील कपाटात बंद करावी आणि पुढच्या आठवड्यात दुसरी वापरावी. लहान संस्थेला यापेक्षा अधिक भरवशाचा उपाय सुचविणे कठीण आहे.

बाहेर जाणारी प्रत सांकेतिक रूपात असावी, हे वेगळे सांगावयास नको. डिस्क हरवली तर सर्वांचा खाजगी पत्रव्यवहार उघडा पडेल. पण संकेताची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवली आणि सर्व्हर जळाला, तर उरलेली प्रत म्हणजे निव्वळ रद्दी. किल्ली कागदावर छापून सीलबंद लिफाफ्यात प्रमुखाच्या तिजोरीत ठेवणे हा उपाय दिसावयास जुनाट असला तरी निर्दोष आहे.

किती प्रती, किती काळ?

रोज संपूर्ण प्रत घेणे महाग पडते. म्हणून आठवड्यातून एकदा संपूर्ण व इतर दिवशी फक्त बदल, अशी रीत असते. बदल दोन तऱ्हांनी नोंदता येतात. आदल्या दिवसानंतरचे बदल घेतले तर रोजचे काम थोडे. पण रविवारची संपूर्ण प्रत व नंतरचा प्रत्येक दिवस अशी साखळी जोडावी लागते आणि मधली एक कडी तुटली की पुढचे सारे निरुपयोगी. रविवारनंतरचे सर्व बदल रोज घेतले तर काम दिवसागणिक वाढते, पण परत आणताना दोनच प्रती पुरतात. 'बोर्ग' किंवा 'रेस्टिक' यांसारखे विनामूल्य मिळणारे कार्यक्रम माहितीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकदाच साठवितात. आलेले पत्र पुढे सहसा बदलत नाही, त्यामुळे ईमेलला ही रीत विशेष मानवते.

प्रती किती जुन्या असाव्यात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. घुसखोर शिरल्यावर काही आठवडे गप्प राहू शकतो. एखाद्या कर्मचाऱ्याने चुकीने पुसलेला कप्पा तीन महिन्यांनी लेखापरीक्षणाच्या वेळी आठवतो. फक्त गेल्या सात दिवसांच्या प्रती असतील, तर त्या सातही निरुपयोगी ठरतात. सात दैनिक, पाच साप्ताहिक व बारा मासिक प्रती ही मांडणी बहुतेक संस्थांना पुरेशी आहे.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. राखीव प्रत म्हणजे अभिलेखागार नव्हे. माहितीच्या अधिकाराखाली चार वर्षांपूर्वीचे एक पत्र मागितले गेले, तर ते बॅकअपच्या ढिगातून उकरून काढणे हा मार्ग नाही. त्यासाठी शोधता येईल असा स्वतंत्र संग्रह हवा. कागदी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण करून प्रत्येकाचा जपणुकीचा काळ ठरविण्याची पद्धत राज्याच्या कार्यालयांना परिचित आहे. ईमेललाही तेच वर्गीकरण लावता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार, जो इलेक्ट्रॉनिक अभिलेख कायद्याने जपावयाचा आहे तो पुढे वाचता येईल अशा रीतीने, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखविणाऱ्या स्वरूपात, आणि कोठून निघाला, कोठे गेला, केव्हा गेला वा आला हे ओळखता येईल अशा तपशिलासह जपावयास हवा. पत्राचा मजकूर छापून नस्तीला लावला, की पत्राच्या शिरोभागातील वाटचालीचा हा तपशील बहुतांशी गळून जातो. सर्व्हरच्या नोंदवह्यांबाबतही दक्षता हवी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे त्या १८० दिवस जपणे आणि सायबर घटनेची खबर सहा तासांत देणे बंधनकारक आहे. नोंदवह्या सर्व्हरवरच ठेवल्या तर घुसखोर आधी त्याच पुसतो.

परत उभे करून पाहणे

'गिटलॅब' या संगणक-सेवा देणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका थकलेल्या तंत्रज्ञाने दुसऱ्याच सर्व्हरवर समजून मुख्य सर्व्हरवरील माहितीकोश पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ गिगाबाइट उरले. बॅकअपच्या एक ना दोन, पाच पद्धती तेथे योजलेल्या होत्या. शोध घेता त्यांपैकी काही चालूच केलेल्या नव्हत्या, तर रोजची प्रत कित्येक दिवस घेतलीच गेली नव्हती, कारण प्रत घेणाऱ्या कार्यक्रमाची आवृत्ती माहितीकोशाशी जुळत नव्हती. प्रत फसल्याची सूचना ईमेलने जात होती. परंतु त्या ईमेलवर आवश्यक ती ओळख-व्यवस्था नसल्याने घेणारा सर्व्हर ती नाकारीत होता. अखेर योगायोगाने सहा तास आधी घेतलेले एक क्षणचित्र कामी आले. कंपनीने हा सर्व वृत्तांत स्वतःहून प्रसिद्ध केला, हे तिला भूषणावह आहे. असे वृत्तांत एरवी दडपलेच जातात.

ईमेल-सर्व्हरचा बॅकअप फसल्याची खबर त्याच ईमेल-सर्व्हरवर पाठविण्याची व्यवस्था आजही अनेक ठिकाणी आढळते. सर्व्हर बंद असताना ती कोणाला मिळणार? खबर दूरध्वनीच्या संदेशाने यावी. आणि केवळ अपयशाची नव्हे, यशाचीही यावी, म्हणजे ती न येणे हीच धोक्याची खूण ठरते. दरमहा एखादे खाते निवडून त्यातील काही पत्रे प्रतीवरून परत आणून पाहावीत. वर्षातून एकदा संपूर्ण सर्व्हर वेगळ्या यंत्रावर उभा करावा आणि घड्याळ लावून किती तास लागले ते लिहून ठेवावे. वरील हिशेबातील २७ तास खरे की कागदावरचे, हे त्याच दिवशी कळते. ही चाचणी नेहमीच्या तंत्रज्ञाऐवजी दुसऱ्याने, लेखी सूचनांवरून करावी. आपत्ती येते त्या दिवशी नेहमीचा माणूस रजेवर असू शकतो.

सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर

ग्रामपंचायती, शाळा आणि लहान कार्यालये स्वतःचा सर्व्हर चालवीत नाहीत. शासकीय खाती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत मिळतात, इतर संस्था व्यापारी सेवा घेतात. सेवा देणारा आपल्या यंत्रांच्या बिघाडापासून माहिती जपतो, पण खातेदाराच्या स्वतःच्या हातून झालेल्या चुकीपासून ती फारशी जपली जात नाही. जीमेलमध्ये कचरापेटीत टाकलेले पत्र ३० दिवसांनी कायमचे नाहीसे होते. संस्थेने गूगलची सशुल्क सेवा घेतली असेल तर तिच्या प्रशासकाला त्यानंतर आणखी २५ दिवस ते परत आणता येते. वैयक्तिक खात्यात तेवढीही सवलत नाही. करार करताना पुसलेले पत्र किती दिवस परत मिळेल, सेवा सोडताना सर्व टपाल कोणत्या स्वरूपात हाती येईल आणि प्रती कोठे ठेवल्या जातात, हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत.

शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा पत्रव्यवहार एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर चालत असेल, तर अडचण निराळीच उद्भवते. खाते मुख्याध्यापकांच्या किंवा ग्रामसेवकांच्या भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले असते. त्यांची बदली झाली की पासवर्ड बदलण्याचा संकेतही त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावी जातो. अशा खात्यातील टपालाची प्रत गूगलच्या 'टेकआउट' या सोयीने एका फायलीत उतरवून घेता येते आणि ती 'थंडरबर्ड' सारख्या विनामूल्य कार्यक्रमात उघडते. वर्षातून दोनदा, आणि प्रत्येक बदलीच्या वेळी, ती उतरवून डिस्कवर ठेवावी. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत दप्तर, शिक्के व किल्ल्या यांच्यासोबत ती डिस्क, खात्याचा पासवर्ड आणि जोडलेला दूरध्वनी क्रमांक बदलून घेतल्याची नोंद, अशा तीन ओळी वाढवाव्या लागतील.